सासूबाईंनी पाठवलेली दुपटी

गावातल्या बायकांनी माझं नाव 'मफी हिन्ना' ठेवलं होतं. मफी म्हणजे नाही, आणि हिन्ना म्हणजे मेंदी. मी गल्लीत शिरले की पोरं 'मफी हिन्ना आली' असं ओरडत पुढे पळायची आणि घरातल्या आज्या तान्ह्या बाळांचे पाय घाईघाईनं कपड्याखाली झाकायच्या. मला काय कळत नव्हतं होय? मी सरळ कपडा वर करायची, आणि लालभडक तळवे दिसले की माझं तोंड सुटायचं. मराठीतच सुटायचं. रागावताना मला दुसरी भाषा कधी सुचली नाही, आणि त्यांनाही मराठी कळायला काही अडचण आली नाही.

तिथे बाळ जन्मलं की आज्या मेंदी भिजवून बेंबीला, तळव्यांना, कुणी कुणी सगळ्या अंगाला लावायच्या. त्यात प्रेमच होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्या गावांतल्या कितीतरी माणसांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. एरवी माणूस ठणठणीत. पण ठरावीक वस्तूंचा संबंध आला की तांबड्या पेशी फुटायला लागतात, पोर पिवळंधमक पडतं, आणि वेळेवर हॉस्पिटल गाठलं नाही तर हातचं जातं. मेंदी त्यातलीच एक. सकाळी न्याहारीला खातात तो बाकिल्ला, म्हणजे आपल्या वालासारख्या शेंगांचे उकडलेले दाणे, तोही त्यातलाच. आणखी काही औषधं. बहारीनला गेल्यावर पहिल्याच महिन्यात आमच्या डॉक्टरांनी हे सगळं माझ्याकडून घोकून घेतलं होतं, आणि मी ते गावाकडून घोकून घ्यायचा विडा उचलला होता.

मी कराडकडची. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकले, चार वर्षं जिल्ह्याच्या गावी नोकरी केली आणि धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची म्हणून सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तिकडे गेले. राजधानी मनामाहून पश्चिमेला, खजुरांच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्यावर आमचं आरोग्य केंद्र होतं. तीन खोल्या, एक पंखा, खिडकीतला एक एसी, तोही कधी मनात आलं तर चालायचा. सौदीला जाणारा पूल तेव्हा व्हायचा होता, आज मनामात मिसळून गेलेलं सनाबिस अजून गावच होतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस ताप, खोकला, गरोदर बायका, टाके, सगळं माझ्याच गळ्यात. घरोघरी फिरायचं ते हज्जीला घेऊन. ही केंद्रात झाडलोट आणि चहापाणी करणारी गावातली बाई. हज करून आलेली म्हणून सगळे तिला हज्जी म्हणत. तिच्याशिवाय मला कुणी दार उघडलं नसतं. तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं, मला मोडकंतोडकं अरबी, आणि दोघींना एकमेकींवर ओरडायची सवय, त्यामुळे आमचं छान जमायचं.

त्याच गावात एका बागेच्या कडेला आपल्याकडचं एक जोडपं राहत होतं. तो गुहागरकडचा, बागमालकाच्या पिकअपवर ड्रायव्हर. मालकाची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तिचं करायला घरात बाई हवी म्हणून मालकानं त्याच्या बायकोचाही व्हिसा काढून दिला होता. ड्रायव्हर माणसाला बायको आणायला मिळणं म्हणजे त्या काळी लॉटरीच. ती विशीतली होती. अंगानं किडमिडीत, बोलणं हळू, आणि डोळे नेहमी कुणीतरी रागावणार आहे असे. पहिल्यांदा तपासायला आली तेव्हा मी विचारलं, "कितवी खेप?"

"दुसरी, ताई."

"पहिलं किती वर्षांचं?"

नवऱ्यानंच सांगितलं. पहिला मुलगा झाला होता, गावी, घरीच. चांगला होता. सटवाईची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून पिवळा पडायला लागला. गावातल्या माणसानं कावीळ उतरवली, माळ घातली. तालुक्याला न्यायला निघाले तेव्हा एसटीतच गेला.

हे तो सांगत असताना ती भिंतीकडे बघत होती. मी तिच्या केसपेपरावर 'दुसरी खेप' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

हळूहळू तिच्याकडून बाकीचं कळलं. सासूनं त्या दिवसापासून तिला धारेवर धरलं होतं. ओल्या अंगानं बाहेर गेलीस, आंबट खाल्लंस, पोराला नीट झाकलं नाहीस, तुझे पायच तसले. तेव्हा घरी बोलायचं म्हणजे टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरायची आणि रजेवर जाणाऱ्या माणसाच्या हाती द्यायची. परत येताना तो गावची कॅसेट घेऊन यायचा. अख्ख्या आखातातली आपली माणसं तशीच बोलत होती. त्या खोलीत बसून मी सासूबाईंची एक कॅसेट ऐकली आहे. आधी कोंबड्यांचा आवाज, मग खाकरणं, मग ठणठणीत कोकणी आवाज : "ह्या खेपेस नीट सांभाळा म्हणावं. एक पोर घालवलंन तिने. हेही घालवलंन तर तिला इकडे पाठवून दे. मामाची मुलगी अजून लग्नाची आहे. वंश बुडवायला नाही तुला वाढवला मी."

नवरा मान खाली घालून ऐकत होता. कॅसेट संपली तेव्हा तो म्हणाला, "आईचं तोंड तसं आहे. मनात काही नसतं."

"मनात नसतं तर कॅसेटमध्ये कुठून आलं?" मी म्हटलं. तो कसंनुसं हसला. वाईट नव्हता तो. बायकोवर जीव होता त्याचा. पण आईपुढे त्याचा आवाज फुटत नसे, आणि आई समुद्रापलीकडे असूनही फुटत नसे. ती पोरगी काय ते समजून चुकली होती. हे बाळ जगलं तर ती त्या घरात राहणार, नाहीतर नाही. मला एकदा म्हणाली, "ताई, मी परत गेल्ये तर माहेरीही कोण घेणार नाही मला." डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

तेव्हा मी मनाशी ठरवलं, ह्या बाळाला मी जातीनं बघणार. दिवस भरत आले तसं तिला सलमानियाच्या मोठ्या हॉस्पिटलात नाव घालायला लावलं. घरी बाळंतपण करायचं नाही म्हणून दोघांना दम दिला. आणि बजावलं की मालकाच्या घरातल्या बायका मेंदी घेऊन आल्या तर त्यांना माझं नाव सांगायचं.

"मफी हिन्ना," ती म्हणाली, आणि हसली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मुलगा झाला. सलमानियात, व्यवस्थित, वजनाला चांगला. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. मी संध्याकाळी बघायला गेले. खोलीत शिरले आणि दारातच थांबले. आतून माझ्या घरचा वास येत होता. ओव्याची धुरी, खोबरेल तेल, आणि त्यांच्या खाली ट्रंक उघडल्यावर येतो तो थंडगार, नाकात शिरणारा वास. आमच्या आईची लग्नातली ट्रंक होती, वर्षातून दोनदा उघडायची, आणि आम्ही बहिणी तिच्यात डोकं घालून बसायचो. बहारीनला सगळ्या घरांतून उदाच्या धुराचा वास यायचा. तो मला आवडत नव्हता असं नाही, पण तो माझा नव्हता. इतक्या वर्षांनी माझा वास माझ्यापुढे आला होता.

"सासूबाईंनी पाठवलीत," ती म्हणाली. बाळाला मऊसूत दुपट्यात गच्च गुंडाळलं होतं. अंगात झबलं, डोक्याला कुंची. सगळं सासूच्या जुन्या लुगड्यांचं, हातानं शिवलेलं, टाके असे बारीक की मशीनला लाज वाटावी. गावचा एक माणूस रजेवरून येताना बोचकं घेऊन आला होता. आपल्याकडे बारशापर्यंत बाळाला कोरं कापड घालत नाहीत. बाळ यायच्या आधी नवं काही घेत नाहीत. घरातल्या मोठ्या बाईचं अंगावर विरलेलं लुगडं फाडून दुपटी करतात, म्हणजे तिचं आयुष्य बाळाला मिळतं. मनामाच्या बाजारात तेव्हा परदेशी बाळकपड्यांनी दुकानं भरलेली असायची, आणि तिनं त्यातली चिंधीसुद्धा घेतली नव्हती. मला तिचं कौतुकच वाटलं. मी बाळ उचललं, छातीशी धरलं आणि त्या दुपट्यात नाक खुपसून भरपूर वास घेतला.

"सासू बोलते वाकडी, पण शिवते सरळ," मी म्हटलं.

"तसंच आहे त्यांचं," ती म्हणाली. "पहिल्याच्या वेळेलाही त्यांनीच शिवली होती."

त्यानंतर दोन दिवस केंद्रात गोवराची पोरं रांगेनं आली आणि मला जायला झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवायला बसणार एवढ्यात पिकअप दारात थांबली. नवरा आत आला तो चपला न काढता. "सिस्टर, बाळ पिवळं पडलंय. दूध ओढत नाही." एवढंच म्हणाला आणि तिथल्या बाकावर बसला.

"बसतोस काय? गाडी काढ!" मी ओरडले. हज्जीनं बुरख्यासारखी काळी अबाया डोक्यावर ओढली आणि ती माझ्या आधी गाडीत चढली.

खोलीत ती बाळाला घेऊन भिंतीला टेकून बसली होती. आम्ही आत शिरलो तरी तिनं वर बघितलं नाही. मी बाळ उजेडात नेलं. डोळ्यांतलं पांढरं पिवळं, हिरड्या पांढुरक्या, अंग लुळं. नवजात बाळाला थोडी कावीळ होते, ती कशी दिसते ते मला माहीत होतं. ही ती नव्हती. ही मी गावात पाहिलेली होती, मेंदीवाली.

"मेंदी लावली का कुणी? खरं सांग."

"नाही ताई."

"तू बाकिल्ला खाल्लास?"

"नाही. तुम्ही सांगितलेलंत ना."

"काही औषध? गुटी? काढा? जिभेवर काही चोळलंस?"

"काही नाही ताई, देवाशप्पथ. नुसतं तेल लावत्ये, धुरी देत्ये, दुपट्यात गुंडाळत्ये. माझं दूध, बस." आणि मग एकदम, किंचाळल्यासारखी, "ह्याही वेळेला तसंच झालं! तसंच! सासूबाई खरं बोलतात. माझेच पाय तसले!"

मी तिला एक हाणली असती. "गप्प! पाय घेऊन बसलीय. गाडीत बस आधी."

पिकअपमध्ये पुढे आम्ही दाटीवाटीनं बसलो. बाळ तिच्या मांडीवर, मी मध्ये, हज्जी खिडकीशी. उन्हाळ्याची दुपार, धूळ उडत होती म्हणून काचा बंद. रस्ता बागांतून बाहेर पडला तशी हज्जी चुळबुळ करायला लागली. तिनं अबायाचं टोक नाकावर धरलं. मग काच खाली केली आणि धूळ आत येऊ दिली.

"काच लाव गं," मी म्हटलं.

"सिस्टर, ये क्या बास है?" ती म्हणाली. "बच्चे के कपडे में. दवाई का माफिक. मेरा सर घूमता."

मला रागच आला. आमच्या वासाला बास म्हणते! तुमचा ऊद तेवढा अत्तर होय? तोंडावर आलेलं मी गिळलं. आणि गिळता गिळता ते डोक्यात शिरलं. डांबरगोळ्या. आमच्या डॉक्टरांनी घोकून घेतलेल्यांत शेवटच्या होत्या त्या. गावातल्या बायका कपडे उदाच्या धुरावर धरतात, डांबरगोळ्या तिथे कुणी वापरत नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न विचारायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. आणि मला तो वास औषधाचा वाटला नव्हता. आईचा वाटला होता.

"दुपटं सोड त्याचं! काढ सगळं! झबलं, कुंची, सगळं!"

तिला काही कळेना. मीच ओढून काढलं आणि काचेतून बाहेर भिरकावलं. आरशात दिसत होतं, लुगड्याचा तो हिरवा तुकडा रस्त्यावर उडत गेला. तेल लावलेल्या अंगात ते विष अजूनच लवकर शोषलं जातं. ती रोज दोन वेळा तेल चोळत होती, आणि वर दुपटं गच्च आवळत होती. जेवढी जपत होती तेवढं ते आत जात होतं. मी बाळाचं अंग माझ्या ओढणीनं पुसून काढलं आणि हज्जीनं आपली अबाया सोडून त्यात त्याला घेतलं. घराबाहेर त्या बाईला अबायाशिवाय मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

सलमानियात बाळाचं सगळं रक्त बदललं. आम्ही बाहेर बसून होतो. नवरा मधूनच उठायचा, भिंतीपर्यंत जायचा, परत यायचा. हज्जी माळ ओढत होती. मी काय करत होते ते मला आठवत नाही. देवाला शिव्या देत असेन.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. बाळ वाचलं होतं. आमचा जीव भांड्यात पडला. रक्त तपासून त्यांनी तीच उणीव असल्याचं सांगितलं आणि कारण काय ते मी सांगितलं. ते म्हणाले, अगदी बरोबर, असंच झालं असणार. ते इंग्रजीत बोलत होते आणि मी दोघांना मराठीत सांगत होते. कपड्यांतल्या गोळ्यांमुळे झालं. गोळ्या आणि ते कपडे पुन्हा बाळाजवळ नकोत. बाळ वाढेल, खेळेल, शाळेत जाईल, फक्त ह्या ह्या गोष्टी जन्मभर टाळायच्या. मग डॉक्टर म्हणाले, ही उणीव आईकडून मुलग्याकडे येते. तेवढं मी भाषांतर केलं नाही. नवऱ्यासमोर मला ते बोलवेना. उद्या ते कॅसेटमधून गुहागरला गेलं असतं.

नवरा ऐकत होता आणि त्याचा चेहरा बदलत होता. शेवटी त्यानं विचारलं, "पहिल्यालाही आईनेच..." आणि तो थांबला.

"हो," ती म्हणाली. "सासूबाईंच्या त्याच ट्रंकेतली."

बाळ हॉस्पिटलात असताना मी रोज ड्यूटी संपली की बसनं जायचे. एक दिवस ती एकटी होती तेव्हा मी रक्ताचं सांगून टाकलं. सांगणं भाग होतं. पुढे आणखी मुलगे होतील, तिच्या बहिणींना होतील. मी शक्य तेवढं नीट समजावलं. हे तुझं पाप नाही, तुझी चूक नाही, कुणाचे डोळे घारे असतात तसं हे असतं. ती ऐकत राहिली.

"म्हणजे माझ्या रक्तातून आलं आणि त्यांच्या ट्रंकेतून," ती म्हणाली. "आम्ही दोघींनी मिळून घालवलं पहिल्याला."

"असं बोलू नये गं."

"आणि दोघी त्याच्यासाठी नवस करत होतो, ताई."

मी उठून तिचा पाण्याचा तांब्या भरून आणला.

बाळ घरी आलं. मी बोचक्यातली उरलेली दुपटी जाळायला सांगितली होती. गेले तर बागेत दोरीवर फडकत होती. तिनं ती साबणाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळली होती, उन्हात टाकली होती, परत उकळली होती. बाळाच्या अंगावर मनामातून आणलेला कोरा करकरीत फ्रॉक.

"जाळ म्हटलं होतं ना मी?"

"बाळाला नाही घालायची, ताई. नुसती ठेवायची आहेत. टाके बघा ना किती बारीक आहेत."

मी कपाळाला हात लावला. नवऱ्याला बाजूला घेतलं. विचारलं, आईला कळवलंस का? तो म्हणाला, बाळ बरं आहे एवढं कळवलंय. मी म्हटलं, आणि बाकीचं? तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सिस्टर, आईला कळलं तर ती विहीर जवळ करील. पहिल्याच्या पाठी ती तीन महिने अन्नाला लागली नव्हती."

"आणि हिनं? हिनं जन्मभर पांढऱ्या पायाची म्हणून ऐकून घ्यायचं?"

तो चपलेनं माती उकरत राहिला. मला असा संताप आला! बायको बळी गेली तरी चालेल, आईच्या डोळ्यांत पाणी यायला नको. सगळे पुरुष एका माळेचे मणी. मी तिथल्या तिथे ठरवलं. ह्याचं तोंड उघडत नसेल तर मी उघडते. पुढच्या कॅसेटमध्ये मीच बोलणार. नर्स आहे, परकी आहे, मला कुणाच्या बापाची भीती नाही. म्हातारीला स्पष्ट सांगणार की बाई, तुझ्या सुनेनं काही केलेलं नाही.

तिला मी हे सांगितलं. ती नाही म्हणाली नाही. "बघू, ताई," एवढंच म्हणाली.

बारसं झालं. त्याच आठवड्यात गावचा कुणी रजेवर निघाला होता. मी दुपारी त्यांच्या खोलीवर गेले. नवरा मालकाला घेऊन कुठे गेला होता. बाळ झोपलं होतं, खिडकीतला एसी घरघरत होता. तिनं टेपरेकॉर्डर मध्ये आणून ठेवला.

"आधी त्यांची ऐकूया," ती म्हणाली. "परवाच आलीय."

तिनं बटण दाबलं. कोंबड्या. खाकरणं. मग तो आवाज. पण आज ठणठणीत नव्हता.

"मुलगा झाला म्हणून कळलं. देवाला नारळ दिला. दुपटी पोचली ना? शिवताना डोळ्यांतून पाणी येतं, टाका दिसत नाही, तरी शिवली. पहिल्याला माझ्याच दुपट्यात गुंडाळून नेलान. एक त्यातलं राहिलं होतं, ते मी ठेवून घेतलंय. ट्रंकेत नाही ठेवत. उशाशी घेऊन निजत्ये. कोणास सांगू नको." मध्ये बराच वेळ नुसती खरखर. मग आवाज पुन्हा पहिल्यासारखा करून, "तिला सांग, हे तरी नीट सांभाळ म्हणावं. उघडं ठेवू नको. माझ्या दुपट्यातच गुंडाळ."

कॅसेट कट्कन थांबली.

तिनं ती काढली, कोरी घातली, आणि यंत्र माझ्याकडे सरकवलं. "बोला ताई."

मी बोलायचं ते सगळं तयार करून गेले होते. वाक्यं बसवली होती. बटण दाबायला बोट पुढे केलं आणि ते तिथेच राहिलं. मला म्हातारीचा राग होता, अजूनही होता, पुरेपूर होता. पण त्या उशाशी काय आहे ते आता मला माहीत झालं होतं. त्या दुपट्यांनीच पहिला नातू गेला ते एका वाक्यात सांगायचं, आणि मग त्या बाईनं रात्री निजायचं कसं?

"तूच सांग, बोलू का?" मी विचारलं. आयुष्यात मी असा प्रश्न कुणाला विचारलेला नाही.

तिनं बाळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्याजवळ हा आहे, ताई. त्यांच्याजवळ तेवढंच आहे."

"अगं, पण तुझ्या नावाला बट्टा..."

"असू दे."

"असू दे काय? वेडी आहेस का तू?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. चक्रं फिरायला लागली. ती यंत्राजवळ वाकली, डोक्यावरचा पदर नीट केला, सासूच्या समोरच बसल्यासारखा, आणि हळू पण स्पष्ट आवाजात बोलायला लागली.

"नमस्कार करत्ये, आई. दुपटी पोचली. फार मऊ आहेत. तुम्ही सांगितलंत तसं झाकूनच ठेवत्ये त्याला. तुमच्यासारखं नाक आहे. पहिल्या वेळेला माझ्या हातून चुकलं. ह्या वेळेला नाही चुकायची."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, नाही हो, हिचं काही चुकलं नाही, खोटं बोलतेय ही! मी ओढणीचा बोळा करून तोंडात धरला आणि ती बोलायची थांबेपर्यंत तशीच बसून राहिले, माझा आवाज त्यात जाऊ नये म्हणून.